बनवाबनवी आणि भाड्याची खोली

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली प्रदर्शित झाला. आज चाळिशीत असलेल्या अनेकांना तो भेटला घरातल्या टीव्हीवर, तोही मधूनच सुरू झालेला आणि मधेच सोडलेला. त्यामुळे त्यांच्या स्मरणात कथानकापेक्षा सुटे प्रसंग आहेत: लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांची स्त्रीवेषातली धांदल, अशोक सराफांची वेळ मारून नेणारी थापेबाजी, इस्तंबूलचे औषध आणि सत्तर रुपये. हा चित्रपट पुन्हा सलग पाहिला की या प्रसंगांना बांधणारा धागा नजरेत भरतो. तो धागा आहे घराचा.

चार तरुणांना पुण्यात राहायला जागा हवी आहे. पहिल्या घरमालकाकडून, सरपोतदारांकडून, बाहेर पडावे लागते. पुढे लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार असतात, म्हणून सुधीरची सुधा आणि परशुरामची पार्वती होते. सर्वांत जास्त नकलला गेलेला संवादही मुळात धनंजय माने कुठे राहतात, याची दारातली चौकशी आहे. सत्तर रुपयांचा विनोद घडतो तो भाडेकरू आणि घरमालक यांच्यात.

मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटातली. तिचे नाव बायको आणि घर शेजारीशेजारी ठेवते. मराठी नावात फक्त फसवणूक उरते. पण ही फसवणूक इथल्या मातीत रुजायला फारसे प्रयास पडले नसावेत. पुरुषाने लुगडे नेसण्याची सवय मराठी प्रेक्षकाला बालगंधर्वांपासून होती, त्यातले हसू अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ने दिले होते आणि संवाद लिहिणारे वसंत सबनीस वगनाट्याच्या हजरजबाबीपणात मुरलेले होते. घरमालकाच्या संशयालाही आधार होता. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला संरक्षण दिले. एकदा आत आलेला माणूस निघेल का, ही धास्ती त्यातून आली. चित्रपट हे समजावत बसत नाही. १९८८च्या प्रेक्षकाला त्याची गरजही नव्हती.

लहानपणीच्या चित्रपटाविषयी बोलताना ‘तो काळ किती साधा होता’ असे आपण सहज म्हणतो. ‘बनवाबनवी’ त्याला साक्ष देत नाही. नोकरी असलेल्या माणसालाही भाऊ आणि मित्रांसह राहायला सरळ मार्ग सापडत नाही, असा काळ त्यात आहे. मुलाला ही टंचाई दिसत नव्हती, कारण त्याच्या डोक्यावरच्या छपराची काळजी दुसरे कोणीतरी वाहत होते. डोहाळजेवणाच्या प्रसंगात लहानपणी नजर पार्वतीच्या अवघडलेल्या चेहऱ्यावरून हलत नसे. आता ती लीलाबाईंकडेही जाते: त्यांच्या घरात चाललेले हे कौतुक खोट्यावर उभे आहे आणि ते त्यांना ठाऊक नाही. हसू येतेच, पण त्यात थोडी लाज मिसळते.

याने चित्रपट उणा होत नाही. उलट, थापा टिकून का राहिल्या ते कळते. प्रत्येक थाप उघडी पडली तर त्याच रात्री सामान रस्त्यावर येणार, ही भीती तिच्या पाठीशी आहे. स्मरणरंजनाने विनोद जपला आणि भीती गाळली. सलग पाहणाऱ्याला दोन्ही परत मिळतात.