क्रमवारीतले हिप-हॉप : लोकप्रियता आणि तिची मोजदाद

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या साप्ताहिक गीतक्रमवारीत २५ ऑक्टोबर २०२५ च्या यादीतील पहिल्या चाळीस स्थानांवर एकही रॅप गीत नव्हते, आणि असे १९९० च्या फेब्रुवारीनंतर प्रथमच घडले. पस्तीस वर्षांचा अखंड वावर थांबताच हिप-हॉप ओसरल्याचे निदान अनेकांनी केले. मात्र ताप किती आहे हे सांगण्याआधी तापमापक तपासावा लागतो, आणि येथे तर त्याच्या खुणाच त्या आठवड्यात बदलल्या होत्या. जुनी गीते यादीतून वगळण्याचे नियम ‘बिलबोर्ड’ने तेव्हापासूनच कडक केले आणि यादीत सव्वीस आठवडे काढलेले गीत पंचविसाव्या स्थानाखाली घसरले की ते बाहेर काढायचे, असा एक दंडक त्यात आला. रॅपर केंड्रिक लामार आणि गायिका सिझा यांचे ‘लूथर’ हे गीत त्याच वर्षी तेरा आठवडे अग्रस्थानी राहिले होते. ते खाली उतरत असले तरी पहिल्या चाळिसांत टिकून होते, आणि या दंडकाने ते नाहीसे झाले. त्याच्या आदल्याच यादीत टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बममधील बाराच्या बारा गीतांनी पहिली बारा स्थाने व्यापली होती, त्यामुळे इतरांसाठी जागाही आकसली होती. रॅपची पीछेहाट खोटी नव्हे, पण ती नेमकी त्या दिवशी उठून दिसली ती एका कारकुनी निर्णयामुळे.

येथे संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रॅप म्हणजे ठेक्यावर यमके जुळवत केलेले लयबद्ध कथन, तर हिप-हॉप ही त्या कथनासह तबकड्यांचे वादन, नृत्य आणि भिंतीवरील चित्रकला यांना सामावणारी व्यापक संस्कृती. तिचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १९७३ च्या ऑगस्टमध्ये डीजे कूल हर्कने वाजवलेल्या एका घरगुती समारंभात मानला जातो. पॉपची व्याख्या करणे मात्र अवघड, कारण पॉप ही शैलीपेक्षा वृत्तीच अधिक असून त्या त्या काळी जे सर्वांना रुचते ते उचलून गुळगुळीत करणे हा तिचा स्वभाव आहे. क्रमवारीविषयी बोलायचे तर रेडिओ सिलोनवर अमीन सायानींनी १९५२ पासून सादर केलेल्या ‘बिनाका गीतमाले’तील ‘पायदाने’ जुन्या श्रोत्यांच्या स्मरणात असतील. तीदेखील तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांचा कौल यांच्या मिश्रणातून ठरत, आणि त्या मिश्रणात कशाचे माप किती हे श्रोत्यांना क्वचितच ठाऊक असे.

१९५८ मध्ये सुरू झालेली ‘हॉट १००’देखील असेच मिश्रण होती, आणि तिच्यातील विक्रीचा भाग तर दीर्घकाळ सांगोवांगीवर चालला. निवडक दुकानांना दूरध्वनी केला जाई आणि गल्ल्यावरचा माणूस या आठवड्यात काय खपले याचा क्रम सांगे. त्यात त्याची आवड, स्मरणशक्ती आणि तबकडी कंपनीच्या प्रतिनिधीशी असलेला स्नेह हे सारे मिसळत असे. वितरणाचे मोठे जाळे असलेला रॉक यात सुखरूप राही, तर रॅप आणि अमेरिकी ग्रामीण परंपरेतील कंट्री संगीत यांचा खप कमीच नोंदला जाई. १९९१ मध्ये ‘साउंडस्कॅन’ ही पद्धत आली आणि वेष्टनावरील पट्टीसंकेत यंत्राने वाचून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. मे महिन्यात अल्बमांच्या यादीने ही पद्धत स्वीकारली, आणि जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या लॉस अँजेलिसच्या गटाचा, रेडिओने जवळजवळ वाळीत टाकलेला अल्बम दुसऱ्या स्थानावर प्रवेश करून पुढच्याच आठवड्यात पहिला झाला. हा श्रोतृवर्ग एका महिन्यात जन्मला नव्हता. त्याच्याकडे पाहणारा डोळा तेव्हा उघडला इतकेच. गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचलेले पहिले रॅप गीत १९९० मध्ये व्हॅनिला आइस या गोऱ्या गायकाचे असावे, हेही त्या जुन्या पद्धतीच्या काळाला साजेसेच म्हणावे लागेल.

त्यानंतरचे चढउतार थोडक्यात सांगता येतात. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘हॉट १००’ची पहिली दहाही स्थाने प्रथमच कृष्णवर्णीय कलावंतांकडे गेली आणि त्यांतील बहुतेक गीते रॅपची किंवा रॅपच्या छायेतली होती. २००५ पासून सशुल्क डाउनलोड मोजले जाऊ लागले. त्यात एकदा विकत घेतलेले गीत शंभरदा ऐकले तरी नोंद एकच होई, आणि एका फटक्यात मनात भरणाऱ्या पॉपला ही रीत मानवली. केटी पेरीच्या ‘टीनेज ड्रीम’ या एकाच अल्बममधील पाच गीते २०१० ते २०११ या काळात अग्रस्थानी गेली. पुढे स्ट्रीमिंग, म्हणजे गीत विकत न घेता जालावरून थेट ऐकणे, हिशेबात आले, तेव्हा प्रत्येक आवर्तनाला मोल आले आणि तेच ते गाणे दिवसभर लावणाऱ्या तरुण श्रोत्याचे वजन वाढले. २०१७ मध्ये अमेरिकेत हिप-हॉप व आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यांच्या एकत्रित वर्गाने खपात रॉकला मागे टाकले. दुसऱ्याच वर्षी ड्रेक या रॅपरच्या पंचवीस गीतांच्या ‘स्कॉर्पियन’ अल्बममुळे त्याची सात गीते एकाच आठवड्यात पहिल्या दहांत आली. मात्र लांबलचक अल्बम एकदम लोटून यादी भरून टाकण्याची ही वाट रॅपने रुळवली आणि पॉपने ती आपलीशी केली : नोव्हेंबर २०२२ मध्ये स्विफ्टने पहिली दहाच्या दहा स्थाने घेतली.

तरीही सारा दोष मोजमापावर ढकलणे ही पळवाट ठरेल. गेल्या दशकातील यशस्वी रॅप मुख्यतः ‘ट्रॅप’ या अटलांटा शहरात घडलेल्या शैलीवर उभे होते. रोलँड या जपानी कंपनीच्या ‘८०८’ या तालयंत्राचा खोल, लांबणारा घुमारा तळाशी, त्यावर ‘हाय-हॅट’ या जोडझांजेचे बारीक, थरथरते ठोके, आणि त्या दोहोंमध्ये एका मात्रेत तीन अक्षरे बसवणारी, तबलजी जिला तिगुन म्हणेल अशी शब्दफेक, ही तिची ठेवण होय. मिगोज या त्रिकुटाने २०१३ च्या ‘व्हर्साची’ गीतातून ही तिगुन रूढ केली तेव्हा तिच्यात चमक होती. पण ती साऱ्यांच्याच तोंडी बसल्यावर गायक बदलला तरी चाल तीच राहू लागली. तिगुनीचे सौंदर्य ठाय लयीशी असलेल्या तिच्या नात्यात असते, आणि ते नाते सोडले की उरते ती केवळ घाई. त्यातच एक्सएक्सएक्सटेंटासियन, ज्यूस वर्ल्ड आणि पॉप स्मोक हे तिघेही २०१८ ते २०२० दरम्यान विशी-एकविशीत गेले, आणि पुढच्या फळीने ज्यांच्याकडे पाहायचे ते मधल्या पायऱ्यांवरचे कलावंतच उरले नाहीत. २०२३ मध्ये ‘हॉट १००’च्या अग्रस्थानी पहिले रॅप गीत येण्यास सप्टेंबर उजाडला; ते डोजा कॅटचे होते, आणि तिला रॅपर म्हणावे की पॉप गायिका यावर एकमत नाही. २०२४ मध्ये लामार आणि ड्रेक यांच्या शाब्दिक द्वंद्वाने रॅप पुन्हा घरोघरी पोहोचले, परंतु तो दोन मुरलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या मल्लांचा फड होता. आखाड्यात नवा गडी दिसला नाही.

दरम्यान हिप-हॉपची घडण दुसऱ्यांच्या घरी नांदू लागली. लिल नॅस एक्स या रॅपरचे ‘ओल्ड टाउन रोड’ २०१९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने कंट्रीच्या यादीतून काढून टाकले, कारण त्यात कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत असे ठरवले गेले; पण त्याच गीताने मुख्य यादीत सलग एकोणीस आठवडे अग्रस्थानी राहून तेव्हाचा विक्रम केला. पाच वर्षांनी शबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या ‘अ बार साँग (टिप्सी)’ने त्या एकोणीस आठवड्यांशी बरोबरी साधली, आणि या वेळी कंट्रीच्या यादीनेही त्याला पहिले स्थान दिले. त्यात गिटार आहे, दारूचा गुत्ता आहे, दिवसभराच्या कामाचा शीण आहे. पण त्याचा कणा असलेली, आकडे मोजत पुढे जाणारी ओळ जे-क्वान या सेंट लुईसच्या रॅपरच्या २००४ मधील ‘टिप्सी’तून आली आहे. ते मूळ रॅप गीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचून थांबले होते.