कान ऐकतात की किंमत?

लाखभर रुपयांचा संगीतसंच घेणारा त्याचा आवाज अधिक गोड असल्याचे शपथेवर सांगतो. त्याच्या कानांवर आमचा अविश्वास नाही. पण किंमत ठाऊक असली की एकटा कान ऐकत नाही.

अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुपर ऑडिओ सीडीसारख्या उच्च दर्जाच्या तबकड्यांचा आवाज कधी थेट, तर कधी साध्या सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला. कोणता केव्हा, हे गुप्त. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही जवळपास तेवढीच आली असती! (आवाज फारच वाढवला तर शांत जागी सीडीची खरखर कळे, एवढाच अपवाद.) सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात; त्यांतून २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर परत मिळतात, आणि आपला कान साधारण तिथेच थांबतो.

स्पीकरची गोष्ट वेगळी. तिथले फरक डोळे झाकूनही कळतात.

सुबक यंत्र हौसेने घ्यावे, आमची हरकत नाही. ‘अधिक खरा आवाज’ म्हणून ते विकणाऱ्याने मात्र आधी पडद्याआडची परीक्षा द्यावी. ती वर्गातही घेता येईल. दोन्ही यंत्रांचा आवाज तेवढा सारखा ठेवावा; किंचित मोठा आवाज बहुधा चांगलाच वाटतो.