बाप्तिस्मा : ल्यूथरची भूमिका आणि वऱ्हाडातील एक प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः खामगावच्या परिसरात, प्रॉटेस्टंट पंथाचा प्रसार झाला तो मुख्यत्वे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’च्या द्वारे. या परंपरेत आधी विश्वासाची कबुली आणि मग पूर्ण निमज्जनाने बाप्तिस्मा, असा क्रम आहे. संस्थेचे प्रवर्तक ए. बी. सिम्प्सन हे मूळचे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. शैशवात बाप्तिस्मा झालेला असूनही १८८१ साली त्यांनी तो निमज्जनाने पुन्हा घेतला. ल्यूथरने जे निषिद्ध मानले ते नेमके हेच.

मतभेद पाण्याच्या प्रमाणाचा नाही. निमज्जनाची खूण अधिक अर्थपूर्ण आहे, हे ल्यूथरलाही मान्य होते. प्रश्न कर्त्याचा आहे. ल्यूथरच्या मते बाप्तिस्मा देव देतो. माणूस केवळ घेणारा. १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत त्याने स्पष्ट केले आहे की, सामर्थ्य नुसत्या पाण्याचे नसून पाण्याशी निगडित अशा वचनाचे व त्यावरील विश्वासाचे आहे. विश्वासावाचून लाभ नाही. परंतु विश्वासामुळे बाप्तिस्मा सिद्ध होतो, असेही नाही. १५२८ च्या पुनर्बाप्तिस्माविषयक पत्रात त्याने एक दृष्टान्त योजिला आहे : मनाविरुद्ध विवाह झालेल्या मुलीच्या ठायी पुढे पतीविषयी प्रीती उपजली, म्हणून तिचे लग्न कोणी पुन्हा लावीत नाही. हा दृष्टान्त आपल्याकडे तरी विशद करून सांगावा लागू नये!

तथापि ही भूमिका ज्या समाजात घडली तेथे जवळजवळ प्रत्येक अर्भकाचा बाप्तिस्मा होई. त्यापायी कोणाचे घर सुटत नसे. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. येथे ते पाणी प्रथम स्वजनत्यागाचे चिन्ह ठरले. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही खुला ठेवला, त्यामागे हीच वेदना असावी. हा उपाय उदार खरा. पण बाप्तिस्मा म्हणजे दोन समाजांमधील भिंत, हे विरोधकांचे गृहीतकच त्यात मान्य झाले आहे.

ज्याच्या आजोबांनी जात सोडली, त्या खामगावच्या नातवाला आता सोडण्याजोगे काही उरलेले नाही. बाप्तिस्म्याचा अर्थ केवळ त्यागात शोधला, तर त्याच्या वाट्याला रिकामा विधी येतो. उलट, जुन्या मनुष्याने रोज मरावे व नव्याने रोज उठावे, हा ल्यूथरने त्याच प्रश्नोत्तरीत सांगितलेला अर्थ त्यालाही तितकाच लागू पडतो, मग त्याचा बाप्तिस्मा पाळण्यात झालेला असो वा विसाव्या वर्षी.