चार जागा

वसईजवळच्या निर्मळ गावच्या तळ्याकाठी सामवेदी आणि वाडवळी दोन्ही बोली कानांवर पडतात. बाहेरगावच्याला दोन्ही सारख्याच अगम्य. इथल्याला मात्र दोन शब्दांत कळतं, बोलणारा कोणत्या घरचा. रक्तगट ठरवणारी शर्करा पेशीवर चिकटवणाऱ्या ‘ए’ आणि ‘बी’ विकरांचं तसंच आहे. एकाच जनुकाची ही दोन रूपं, 354 अमिनो आम्लांची माळ, आणि फरक फक्त चार जागांचा: 176, 235, 266, 268. यामामोतो आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये तो दाखवला.

पहिल्या दोन जागांपाशी मी रेंगाळत नाही. खरी गंमत शेवटच्या दोन जागांत आहे. ‘ए’मध्ये 266 वर ल्युसिन आणि 268 वर ग्लायसिन. ग्लायसिन हे सगळ्यांत अंगचोर अमिनो आम्ल, त्यामुळे विकराच्या खोबणीत ऐसपैस जागा उरते आणि असिटिलची शेपटी असलेली गॅलॅक्टोसामाइन शर्करा आत बसते. ‘बी’मध्ये तिथे मेथिओनिन आणि अलॅनिन येतात. अलॅनिनकडे ग्लायसिनपेक्षा एकच कार्बन जास्त, पण तेवढ्यानेही खोबणी आवळते. शेपटीवालीला दार बंद होतं, साधी गॅलॅक्टोज तेवढी आत शिरते. इतक्या बारीक कलाकुसरीवर रक्तपेढीतल्या पिशवीवरचं अक्षर ठरतं! नेहमीच्या ‘ओ’चं कारण त्यामानाने ओबडधोबड: जनुकातलं एक अक्षर गळतं आणि पुढचं सगळं वाचनच बिघडतं.

या रचनेला मुंबईने एक विलक्षण कलाटणी दिली. 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध आला. तीन माणसांच्या तांबड्या पेशी ‘ए’, ‘बी’ किंवा ‘एच’विरुद्धच्या कोणत्याच प्रतिद्रव्याला दाद देत नव्हत्या. ‘ओ’ गटाच्या पेशी निदान ‘एच’ला तरी देतात. ‘ए’ असो की ‘बी’, शर्करा चिकटायला आधी ‘एच’चा पाया लागतो, आणि तो घालणारं विकर निराळं आहे. त्या विकराच्याही रूपात एका जागेचा फेर पडतो: भारतात आढळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात 242 वर ल्युसिनऐवजी आर्जिनिन. एवढ्याने विकर निकामी होतं. मग ‘बी’ विकर धडधाकट असूनही हात चोळत बसतं.

साध्या चाचणीत असा, म्हणजे ‘बॉम्बे’ गटाचा, माणूस ‘ओ’ ठरतो, पण ‘ओ’चं रक्त त्याला चालत नाही, कारण त्यात ‘एच’ असतो. त्याला बॉम्बे गटाचाच दाता हवा, आणि भारतात तो साधारण दहा हजारांत एक.

पितृत्वाच्या दाव्यात रक्तगटावर बोट ठेवणाऱ्या वकिलांनी तर हे वाचायलाच हवं. कार्डावर आई ‘ओ’, वडील ‘ओ’, आणि मूल ‘बी’! बॉम्बे गटाच्या एका पालकाकडून आलेलं मूक ‘बी’ जनुक दुसऱ्याने दिलेल्या ‘एच’च्या पायावर बिनबोभाट कामाला लागलेलं असतं.