घाईची किंमत

पुस्तकाचे परीक्षण करताना किमतीविषयी एखादे वाक्य शेवटी घालून मोकळे होण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ई-पुस्तकांच्या बाबतीत मात्र किमतीचेच परीक्षण लिहावे अशी पाळी आली आहे.

किंडलवर मराठी पुस्तके २०१६च्या डिसेंबरात आली. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना ती मोठीच सोय वाटली. पुण्याहून येणाऱ्या पार्सलाची वाट पाहणे संपले. पण परवा एका ई-दुकानातून एक कादंबरी मी २४० रुपयांना घेतली आणि चौथ्या दिवशी तीच ९९ला दिसली. "घेताना २४० कबूल होते ना?" असे आमच्या सौ.चे म्हणणे. प्रश्न बिनतोड आहे. तरीही चीड येतेच, आणि ती केवळ १४१ रुपयांची नव्हे.

छापील पुस्तक स्वस्त होते तेव्हा त्याचे कारण डोळ्यांना दिसते. पुठ्ठा वाकलेला असतो, पाने पिवळी पडलेली असतात, नाहीतर स्वस्त आवृत्तीचा कागदच हलका असतो. ई-पुस्तक ना मळते, ना गोदामात जागा अडवते. चार दिवसांत त्यातले एक अक्षरही बदललेले नसते. मला ते वाचायची घाई होती, दुसऱ्याला नव्हती. १४१ रुपये आकारले गेले ते त्या घाईवर!

आपल्या प्रकाशनव्यवसायाची जुनी रीत नेमकी उलट. प्रकाशनपूर्व सवलतीत जो आधी पैसे भरतो, त्यालाच ग्रंथ स्वस्त पडतो. न पाहिलेल्या पुस्तकावर विश्वास टाकणाऱ्याचा तो मान असतो. शिवाय महाग पडलेले छापील पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाला देता येते, अगदीच नावडले तर रद्दीत घालता येते. ई-पुस्तकाचा बहुधा वाचण्यापुरता परवानाच हाती येतो. तो विकता येत नाही.

२००७ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या पहिल्या आयफोनची किंमत अडीच महिन्यांच्या आतच ५९९ डॉलरवरून ३९९वर आणली. आधीचे गिऱ्हाईक खवळले, तेव्हा त्यांना पुढच्या खरेदीसाठी १०० डॉलरची सूट दिली. टेलिफोन विकणाऱ्याला जे सुचले, ते पुस्तक विकणाऱ्याला का सुचू नये? पंधरा दिवसांत किंमत उतरली, तर फरकाची रक्कम दुसऱ्या पुस्तकासाठी जमा धरावी. लेखकांच्या मानधनात त्याने चार पैसे घटतील. माझ्यापुरते मला चालेल. कारण हल्ली माझ्या नव्या कादंबरीची जाहिरात पाहून ओळखीचे वाचक पहिला प्रश्न विचारतात तो असा: "सर, स्वस्त कधी होणार?"