शिक्का, मोर्तब आणि नांगर : मुद्रित कागदांतील एक उणीव

जुन्या कागदांच्या मुद्रित संग्रहांत पुष्कळदां असें आढळतें कीं, मजकूर अक्षरशः उतरलेला असतो. परंतु मुद्रेच्या जागीं चौकटींत 'शिक्का' व नांगराच्या जागीं 'निशाणी' एवढाच शब्द असतो. हा दोष किरकोळ समजला जातो. आमच्या मतें तो प्रमाणाचाच लोप होय.

मुद्रा हें कालनिर्णयाचें साधन आहे. पेशव्यांच्या शिक्क्यांत प्रथम छत्रपतींचें नांव व मागून प्रधानाचें स्वतःचें नांव येई. शाहू महाराज १७४९ मध्यें निवर्तले. सबब शिक्क्यांत रामराजांचें नांव असलेला तिथिहीन कागद त्या सालापूर्वींचा मानतां येत नाहीं. अखेरचें लहान मोर्तब ही मजकूर संपल्याची खूण; त्याखालीं वाढविलेली ओळ संशयास पात्र ठरते. संपादकानें मोर्तबाची जागाच न सांगितल्यास ही परीक्षा खुंटते.

गांवकीच्या निशाण्यांविषयींचा गैरसमज याहून मोठा आहे. पाटलाचा नांगर म्हणजे निरक्षराची सही, असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो टिकत नाहीं. इंग्लंडांत तेराव्या शतकांत साध्या कुळांनींही मेणावर उमटविण्याच्या मुद्रा बाळगल्या. एक्झेटरच्या १२८५ च्या कायद्यानें तर चौकशीस बसणाऱ्या अस्वतंत्र कुळांकडूनही मुद्रेची अपेक्षा केली. परंतु तेथील मुद्रेवर बहुधा धन्याचें नांव कोरलेलें असे. आमचा नांगर नांव सांगत नाहीं, वतन सांगतो. नांव शेजारीं लिहिलें जाई. अक्षर येवो न येवो, वतनाचा हक्क दाखविण्यास नांगरच हवा. म्हणूनच पाटिलकी विभागली कीं कोणाचा नांगर आधीं, हा मानपानाचा प्रश्न होई. तेव्हां एका 'निशाणी' शब्दाखालीं दोन नांगर झांकणें म्हणजे त्या वादाचा निकालच झांकणें होय.

संग्राहकांसही एक विनंती आहे. शिक्का सुबक दिसला म्हणून तो कातरून वहींत चिकटवूं नये. कातरलेला शिक्का कोणत्या कागदाचा हें पुढें कळत नाहीं, आणि उरलेल्या कागदास कोणी प्रमाण मानीत नाहीं. आमच्या इंदापूर-बारामतीकडील ज्या वतनदार घरांत रुमाल शिल्लक असतील, त्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

संपादकांनीं प्रत्येक मुद्रेचा आकार, तींतील लेख व कागदावरील जागा नोंदवावी. शक्य तेथें छायाचित्र द्यावें. निशाण्या मूळच्या क्रमानेंच छापाव्या. एवढें झालें तरी पुढील अभ्यासकास तेंच दप्तर पुन्हां धुंडाळावें लागणार नाहीं.

निमगांव केतकी