रसनेचे प्रवासवर्णन

विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला आणि मराठी प्रवासवर्णनास त्याने एक भक्कम पाया दिला. पोटासाठी घराबाहेर पडलेल्या मनुष्याचे ते पुस्तक आहे. आज शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या वाङ्मयात प्रवासवर्णनाची जी शाखा सर्वांत जोमाने फोफावत आहे, ती भरल्या पोटी घराबाहेर पडणाऱ्या मनुष्याची आहे. परमुलखात जावे, तेथील रस्त्यावरचे पदार्थ चाखावे आणि परतल्यावर त्यांविषयी लिहावे, असा हा प्रकार. त्यास आम्ही 'रसनेचे प्रवासवर्णन' असे नाव देतो आणि त्याच्या गुणदोषांचा विचार येथे करू इच्छितो.

या शाखेचा आवडता देश सध्या व्हिएतनाम होय. हानोई किंवा सायगाव (म्हणजे आजचे हो चि मिन्ह नगर) येथे लेखक उतरतो. संध्याकाळी एक वाटाड्या स्कूटर घेऊन येतो, लेखक मागे बसतो आणि तीनचार तासांत पाचसहा ठिकाणचे पदार्थ त्याच्या पुढ्यात येतात. पहिल्या ठिकाणी वाफाळलेला 'फो', दुसऱ्या ठिकाणी लांबट पावात भरलेला 'बान्ह मी', पुढे कोठे भाजलेले शिंपले, कोठे तांदळाचे पातळ पापुद्रे. आणि शेवटी एखाद्या नव्या धर्तीच्या पानगृहात क्राफ्ट बियरचे चार लहान पेले, ज्यांत त्या देशची फळे व मसाले यांचा वास उतरविलेला असतो. असे वर्णन एकदा वाचले की पुढची दहा वाचल्यासारखी आहेत. क्रम तोच, विशेषणे तीच, आणि शेवटचा उद्गारही बहुधा तोच.

गुण आधी सांगितले पाहिजेत. ज्या समाजात दोनतीन पिढ्यांपूर्वी समुद्रपर्यटन करून आलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या समाजातील गृहस्थ व गृहिणी आज परक्या शहरात पदपथावरील हातभर उंचीच्या बैठकीवर बसून अनोळखी हातचे अन्न खातात, ही लहान गोष्ट नव्हे. हॉटेलातील भोजनगृह सोडून गल्लीत शिरण्याचे धैर्य या लेखकांनी दाखविले आहे. स्कूटर हे वाहनही या कामास योग्य आहे. मोटारीस जेथे वळता येत नाही तेथे ती जाते, वास आला की थांबते, आणि बसणाऱ्यास काचेआड ठेवत नाही. उत्तम निरीक्षणास लागणारी सर्व साधने लेखकाच्या हाती आहेत. असे असून लेखन इतके निःसत्त्व का होते, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या मते याचे पहिले कारण असे की, या वर्णनांतील पदार्थास भूतकाळ नसतो. फो घ्या. हा पदार्थ फार प्राचीन नाही. फ्रेंच अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, तो उत्तर व्हिएतनामात रूढ झाला. बान्ह मीचा पाव हाही त्याच राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेला. हानोईत बियरची पहिली भट्टी १८९० साली एका फ्रेंच माणसानेच घातली, आणि आज तेथे 'बिया होई' या नावाने जी हलकी, त्याच दिवशी काढून त्याच दिवशी संपवायची स्वस्त बियर मिळते, तिचे मूळ तेथवर जाते. पुढे युद्धाच्या आणि शिधावाटपाच्या टंचाईच्या काळात, मांसाचा तुकडाही नसलेला फो सरकारी दुकानांत मिळे. लोक त्यास 'वैमानिकावाचूनचा फो' म्हणत. कारण अमेरिकेची मनुष्यरहित टेहळणी विमाने त्यांनी आपल्या आकाशात पाहिली होती. भूक, युद्ध आणि विनोद ही तिन्ही एका वाडग्यात आली आहेत. 'रस्सा अप्रतिम होता' एवढेच लिहून जो लेखक पुढच्या ठिकाणी जातो, त्याने तो वाडगा खाल्ला असेल, पण पाहिला नाही.

दुसरे कारण बैठकीचे. १ जानेवारी २०२० पासून त्या देशात मद्याचा एक थेंबही पोटात असता वाहन चालविणे गुन्हा ठरले आहे. तेव्हा पिणारा मागे आणि न पिणारा पुढे, ही व्यवस्था कायद्यानेच लावून दिली. परंतु वाङ्मयातही तीच व्यवस्था कायम राहावी, हे आम्हांस खटकते. पुढे बसलेला तो तरुण कोणत्या गावचा, त्याच्या घरी आज काय शिजले असेल, हे या वर्णनांत कोठेच येत नाही. त्याच्या पाठीआडून दिसले तेवढेच शहर आपल्यापुढे येते.

कोणी म्हणेल की, चार दिवसांच्या पाहुण्याकडून एवढी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. भाषा येत नाही, वेळ नाही, तो बिचारा काय करणार? हा आक्षेप आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच या प्रकाराची कसोटी परदेशात न लावता जेथे भाषेची अडचण नाही अशा मुलखात लावून पाहतो. आम्ही धाराशिव जिल्हा निवडतो. पुण्यामुंबईच्या वाचकास तो तुळजाभवानीपुरता ठाऊक असतो. नवसाला जावे, दर्शन घ्यावे आणि परतावे, यापलीकडे तेथे थांबण्याचे कारण त्यास वाटत नाही. आता समजा, तोच मागच्या बैठकीवरचा लेखक या जिल्ह्यात आला. तो काय लिहील?

त्याचा एक पूर्वज येथे येऊन गेल्यासारखाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे नगर असल्याचे लिहिले आहे. हे तगर म्हणजे या जिल्ह्यातील तेर, ही ओळख फ्लीट यांनी पटविली. येथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरास जात असे. आणि त्या बंदरात जे उतरे त्यात इटलीची द्राक्षमदिरा अग्रभागी होती. परदेशी मद्याची आवड आमच्याकडे आजची नव्हे. पण त्या व्यापाऱ्याच्या पुस्तकात मालाची यादी आहे. कापड विणणारा नाही. त्यास दोष देण्याचे कारण नाही, कारण तो वाङ्मय लिहीत नव्हता. आजचा लेखक मात्र वाङ्मय म्हणून यादी लिहितो.

यादी करायचीच तर ती अशी होईल: ज्वारीची भाकरी आणि उस्मानाबादी शेळीच्या मटणाचा झणझणीत रस्सा, माघाच्या सुमारास आगटीवर भाजलेला हुरडा व लसणाची चटणी, आणि कुंथलगिरीचा खवा व पेढा. या खव्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लेखक पेढा तोंडात घालील, 'खरपूस' हे विशेषण योजील आणि पुढे जाईल. पण खवा येथेच का? बालाघाटच्या या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. पीक हातचे गेले तरी दावणीची जनावरे दूध देतात. ते दूध ताजे असता दूरच्या शहरात पोहोचणे पूर्वी दुरापास्त होते. म्हणून चारपाच लिटर दूध कढईत आटवून त्याचा किलोभर खवा करायचा, जो काही काळ टिकतो आणि विकता येतो. हा गोडवा टंचाईतून निघाला आहे. आणि याच कुंथलगिरीच्या डोंगरावर, जैनांच्या सिद्धक्षेत्री, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन अन्नपाण्याचा त्याग करीत देह ठेवला. वर उपवासाची परमावधी आणि खाली खव्याच्या भट्ट्या, असे दृश्य ज्या लेखकाच्या वाट्यास आले त्याने 'खरपूस' या एका शब्दावर समाधान मानावे, हे आम्हांस दारिद्र्याचे लक्षण वाटते.

पेयाचेही तसेच. निजामाच्या राज्यात शिंदी ही गोरगरिबांची दारू होती आणि आबकारी हे सरकारचे मोठे उत्पन्न. १९४७–४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात शिंदीची झाडे तोडणे हा एक कार्यक्रमच होता. पेल्यातील पेयामागे राज्यसत्ता उभी असते हे मराठवाड्यातील शेतकऱ्यास तेव्हा कळत होते. आज पेयाच्या सुवासावर परिच्छेद लिहिणाऱ्या आमच्या लेखकास ते कळेनासे झाले आहे.

परंतु या जिल्ह्याचे खरे घरगुती आंबवण शिंदी नव्हे. ते आंबील होय, आणि तिचा दिवस म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावास्या, जिला लोक 'येळवस' म्हणतात. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत (लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता) तिचे माहात्म्य दिवाळीएवढे. शेजारच्या कर्नाटकात त्याच दिवशी 'एळ्ळु अमावास्या' असते. एळ्ळु म्हणजे तीळ. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबवायचे, लसूण, मीठ, कोथिंबीर घालायची आणि मातीच्या बिंदग्यात भरून शेतात न्यायची. सोबत पालेभाज्या व कोवळ्या शेंगांचे दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा होते आणि मग पंगत बसते. त्या दिवशी गावे व शहरे ओस पडतात. पूर्वी बैलगाड्या जात. आता मोटारसायकली व स्कूटरी, पुढे बिंदगे, मागे माणूस, अशा बांधावर येऊन लागतात.

स्कूटर येथेही आहे, आंबवलेले पेय येथेही आहे, उघड्यावरचे जेवण येथेही आहे. फरक असा की येथे काहीच विकत मिळत नाही. वाटेने जाणाऱ्यास हाक मारून जेवावयास बसवितात. त्यास ग्राहक होता येत नाही. पाहुणाच व्हावे लागते, आणि पाहुण्यास यजमानाचे चार शब्द ऐकावे लागतात. यंदा तूर कशी आहे, पाणी किती खोल गेले, मुलगा पुण्यास काय करतो, हे सर्व आंबिलीबरोबर येते. १९७२ च्या दुष्काळात परदेशची लाल 'मिलो' ज्वारी खाल्लेली म्हातारी माणसे तेथे असतात. शाळूच्या भाकरीचे मोल त्यांच्या तोंडून कळते.

तरीही ही पंगत म्हणजे संपूर्ण जिल्हा, असे समजणे भाबडेपणाचे होईल. ज्यास शेत आहे त्याची येळवस. ज्यास शेत नाही तो दुसऱ्याच्या बांधावर जातो. हा मुद्दा आम्हांस शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाकडे नेतो. ते २०१५ साली निघाले आणि भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या स्वयंपाकघराचा हा लेखाजोखा आहे. दूध, तूप, तेल ज्या घरांत दुर्मीळ त्या घरांत चव कशातून आणली जाई, येसूर घालून कालवण दाट व चवदार कसे करीत, मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या कशा साठवीत, आणि या खाण्यावरून माणसास गावकुसाबाहेर कसे ठेवले जाई, हे सर्व तेथे पाककृतींसह आहे. १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून १९७० च्या 'रुचिरा'पर्यंत आमच्या पाकपुस्तकांत ज्या चुलीस जागा मिळाली नव्हती, ती चूल येथे प्रथम पेटली. ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील काही पानांस स्मृतिलेखाचे मोल आहे हे कळेल. शीर्षकातील एका अक्षराने पाटोळे यांनी आमच्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या भिंतीवरील सुभाषितास प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे पुस्तक प्रवासवर्णन नाही, हे खरे. लेखक कोठे गेला नाही. होता तेथेच राहून त्याने लिहिले. परंतु रसनेच्या प्रवासवर्णनाने ज्याकडे पाहून शिकावे असे पुस्तक आज मराठीत असेल तर ते हेच. त्यात चवीइतकेच चव नसण्याचे वर्णन आहे. पदार्थ कोणी करावा, कोणी खावा, कोणाच्या पंगतीस कोणी बसू नये, हे सांगितल्यावाचून पदार्थाचे वर्णन पुरे होत नाही, हे त्यातील प्रत्येक प्रकरण दाखविते.

स्कूटरवरून फिरणाऱ्या लेखकांनी घरी बसावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्यांनी हानोईस जावे, सायगावास जावे, आणि तुळजापूरहून परतताना एकदा तेरास व कुंथलगिरीसही जावे. मागणे एवढेच की, सहा ठिकाणांऐवजी दोनच ठिकाणे करावी आणि दुसऱ्या ठिकाणी दुकान बंद होईपर्यंत बसावे. गिऱ्हाईक गेल्यावर तेथील माणसे स्वतः काय खातात, हे पाहून मग लेखणी उचलावी. मराठी वाचक सुज्ञ आहे. त्यास विशेषणांची भूक नाही. एखाद्या मनुष्याच्या ताटात काय पडते आणि ते तेवढेच का पडते, हे त्यास कोणी नीट सांगितले, तर तो ते वर्णन विसरणार नाही.